चौथ्या बाजूची किनार

ओहोटीच्या चिखलाला एक वास असतो; खारट, कुजका, आणि तरी मायेचा. पेणच्या खाडीकाठचा तो वास पायांवर घेऊनच मी रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासात शिरलो. खोली थंडगार, कॉम्प्युटरची काच थंडगार, आणि काचेवर आमची खार, खाडीलगतची खारी भातजमीन! दोन हजार साल लागायच्या थोडी आधीची गोष्ट. नात मनीषाने त्या यंत्रात इंटरनेटसाठी एक पान बनवलं होतं, आणि त्यावर ह्या जमिनीचा फोटो घातला होता. सोमवारी मुंबईच्या एका ऑफिसात ते पान दाखवायचं. पसंत पडलं तर नोकरी तिथे, राहणंही तिथेच. घरातून होकार द्यायचा तो मी, आणि तो मी अजून दिला नव्हता.

चौथीही पुरी केली नाही मी, पण बांध मला कोणी शिकवू नये. फोटोभोवती तिने निळी किनार घातली होती, तुकड्यातुकड्यांची. ती पाहिली आणि माझा जीव खालीवर होऊ लागला. खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला रेघेतली फट नुसती फट दिसते का? त्याला खांड दिसते, बांधाला पडलेलं भगदाड, ज्यातून उधाणाचं पाणी घुसतं आणि सोन्यासारखी जमीन नासवतं. मला बसवेना. खुर्ची पुढे, खुर्ची मागे. शेवटी सांगितलं, ह्या खांडी आधी बुजव.

"आजा, ह्यात पानी नाय," ती हसली. "नुसती किनार हाय ती."

पण बुजवली, आणि तीही फोटोला हात न लावता! किनारीचं सगळं म्हणे वेगळ्या जागी लिहिलेलं असतं, त्याला स्टाइल शीट म्हणतात. जाडी, रंग, तऱ्हा तिथे लिहायची. तुटकच्या जागी सलग लिहिलं की सगळ्या पानांच्या किनारी एकदम सलग. आमच्याकडे एका खांडीसाठी अख्खा गाव चिखलात उतरतो, आणि इथे एक शब्द! हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

आता किनार चारी बाजूंनी घट्ट. समाधान वाटायला हवं होतं. पण मन कुठे ऐकतं! सगळीकडून बंद बांध म्हणजे आतलं पावसाचं पाणी आतच तुंबणार, भात कुजणार. म्हणून तर बांधात आम्ही उघाडी ठेवतो, लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं, भरती आली की खाडीच तिला दाबून बंद करते. फोटोत माझी खार होती आणि बांधावर उभी मनीषा. दोघी कोंडलेल्या.

"एकाच बाजूची किनार काढता येते काय गो?"

"येते की. चारी बाजू येगयेगळ्या लिवता येतात."

"मग खाडीकडची काढ. आनि सोमवारी जा."

तिची बोटं थांबली. मग उजवीकडची, खाडीच्या बाजूची रेघ नाहीशी झाली.

परतीच्या एसटीत पायांचा तो वास पुन्हा नाकाशी आला, आणि शांत व्हायचं सोडून मी चुळबुळू लागलो. जन्मभर उघाडीची झडप राखली मी. तिच्यातून गेलेलं पाणी खाडीला मिळतं, समुद्राला मिळतं, मोठं होतं. पण ते परत शेतात आलेलं मी कधी पाहिलं नाही; ती झडप तसं होऊच देत नाही. हे मला ठाऊक होतं, बरं का. बाजू काढ म्हणतानाही ठाऊक होतं.