इस्त्रीची वेळ

लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर त्याला सगळे 'मुनी' म्हणायचे. लिफ्ट अडकली की मजल्यांच्या मधल्या अंधाऱ्या पोकळीत उतरायला बाकीचे कां-कूं करायचे, हा मात्र माहेरी निघाल्यासारखा जायचा. तिथे कोणी बोलत नाही, आणि यंत्राचं काय बिनसलंय ते त्याच्या आवाजावरून कळतं. माणसांचं तसं नसतं, ही त्याची जुनी तक्रार होती.

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्या तक्रारीला नाव दिलं: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. हा मराठी शब्द त्याला मुळीच पटला नाही. "स्वतःत मग्न होता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" त्याने विचारलं. बाई का हसल्या ते काही त्याला कळलं नाही.

नाव मिळायच्या आधीच त्याने आपल्या युक्त्या बसवल्या होत्या. शर्टांच्या मानेवरची लेबलं उसवून टाकायची. समोरच्याच्या डोळ्यांऐवजी भुवयांकडे बघायचं, म्हणजे दोघांचंही भागतं. फोन करण्याआधी पहिली दोन वाक्यं पुटपुटून घ्यायची. आणि कामावरून आलं की मागच्या खोलीत दार लावून इस्त्री करत बसायचं. दिवसभराची माणसं हळूहळू डोक्यातून उतरायची. घरात सुरकुती औषधालाही सापडत नसे. फडकीसुद्धा सुटत नसत. त्या वेळात कोणी पाहुणे टपकले की बायको बेधडक सांगायची, "त्याचा कामाचा फोन चालू आहे."

मग सासूबाई गेल्या, आणि सासऱ्यांनी कुठे राहायचं हा प्रश्न आला. सासरे म्हणजे अखंड बोलणारा माणूस. ते दमले की टीव्ही बोलायचा.

"तुला झेपणार नसेल तर आत्ताच सांग," बायको म्हणाली. "मी वाईट वाटून घेणार नाही."

तिला वाईट वाटणार होतं, एवढं त्यालाही दिसत होतं. तिने आजवर त्याला किती सांभाळून घेतलं होतं. "येऊ देत," तो म्हणाला.

पहिला आठवडा त्याने कसाबसा काढला. इस्त्री चालू असताना सासरे दार लोटून आत यायचे आणि गुडघेदुखीपासून जगाच्या राजकारणापर्यंत सगळं ऐकवायचे. एकदा त्या नादात बायकोची ओढणी जळाली. तेव्हा मात्र त्याने वाक्यं पुटपुटून पक्की केली आणि चहाच्या वेळी सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, मी कामावरून आलो की तासभर माझ्याशी बोलू नका. टीव्हीही नको. बाकी तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही."

असं काही सांगण्याआधी थोडी साखरपेरणी करावी लागते, हे त्याच्या गावीही नव्हतं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "कळलं, जावईबापू," एवढंच म्हणाले आणि बॅग भरायला घेतली.

बायको घरी आली ती थेट त्या बॅगेसमोर. आपण काय म्हटलं ते त्याने तिला शब्दन् शब्द सांगितलं. आता ही नेहमीसारखी काहीतरी थाप मारेल आणि वेळ मारून नेईल, असं त्याला वाटलं. पण ती वडिलांजवळ जाऊन बसली.

"बाबा, मी इतकी वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं. तो फोन-बिन काही नसायचा. त्याला आवाज सोसत नाहीत. हा राग नाही, त्याची घडणच तशी आहे. आणि तरी 'येऊ देत' असं तोच म्हणाला."

सासरे हातातल्या शर्टाकडे बघत राहिले. "मला तरी कुठे हौस आहे बडबडायची? गप्प बसलो की तुझी आई घरात नाही हे ऐकू येतं."

लोकांच्या बोलण्याचा अर्थ लावायला त्याला वेळ लागायचा. याचा लगेच लागला. दुसऱ्या कोणाला ऐकू न येणारा आवाज काय असतो, हे तो लहानपणापासून जाणून होता. त्याला सासऱ्यांची फार दया आली.

"मग एकटे गप्प बसू नका," तो म्हणाला. "माझ्यासोबत बसा."

दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या खोलीत एक खुर्ची नेऊन ठेवली. सासरे येऊन बसले. एक-दोनदा त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. थोड्या वेळाने ते रडायला लागले. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो काहीच म्हणाला नाही. तो इस्त्री करत राहिला आणि ते पोटभर रडले.

बाहेर आल्यावर त्यांनी मुलीला सांगितलं, "उद्याही मी तिथेच बसणार. तुझी आई गेल्यापासून मला कोणी नीट रडूच दिलं नव्हतं."