आजी कुठंय?

आज सकाळी आजोबा पुन्हा ओल्या अंगानं ओट्यावर कुडकुडत बसले होते. अलीकडे त्यांच्या काही लक्षात राहत नाही. "तुझी आई कुठंय?" असं त्यांनी माझ्या आईला विचारलं आणि तिनं खरं ते सांगितलं, "आई वारली ना, आबा." आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. कुणी गेल्याचं कळलं की आमच्याकडे आधी अंघोळ करतात. त्यांना मात्र ही बातमी दरवेळी नवीच असते.

काल आईनं "मावशीकडं गेलीय," असं सांगून पाहिलं होतं. "मला न सांगता?" म्हणत ते दिवसभर रुसून बसले.

खरं बोलावं की खोटं, मला कळत नाही. घरात कॉलेजला गेलेली मी एकटीच, म्हणून आई माझ्याकडे बघते. पण हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी टॉवेलनं त्यांचं डोकं पुसत होते, तेवढ्यात त्यांनी मलाच विचारलं, "तुझी आजी कुठंय गं?"

मी गोंधळले आणि उलट विचारलं, "आत्ता काय करत असेल ती, आजोबा?"

"भाकरी थापत असंल. बस इथं, हाक मारंल ती."

मी बसले. किती तरी वेळ मीही कान देऊन ऐकत होते.