अर्जात न लिहिलेली हवा

साळुंखेंनी पळी ओढली, तर तिच्याबरोबर अख्खं भांडंच हीटरवरून उचललं गेलं. आत काकवीसारखा पातळ पदार्थ असायला हवा होता. त्याचा रबरासारखा गोळा झाला होता. सतरा मिनिटं झाली होती. पेटंटच्या अर्जात लिहिलं होतं की हा पदार्थ एकशे तीस अंशांवर चार तास पातळ राहतो. ते वाक्य माझ्याच हातचं होतं.

"मॅडम, तिसऱ्यांदा," साळुंखे म्हणाले. ते पुण्यातले केमिस्ट, आमच्या ऑफिसला गरज पडली की प्रयोग करून देणारे. "वजनं तुमच्यासमोर केली. तापमान तुम्ही बघत होतात. कागदावर आहे तेच केलंय मी."

मी दाराकडे पाहिलं. सारोळ्याच्या ह्या शेडचे मालक याकूबभाई अत्तार भोरहून नुकतेच येऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगते. मी पुण्यात एका फर्ममध्ये पेटंट एजंट होते. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुम्ही नवीन काही शोधलंत, तर ते कसं करायचं हे सगळं लिहून द्यायचं, इतकं नीट की त्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाला ते वाचून करता यावं. सरकार ते जगजाहीर करतं. बदल्यात काही वर्षं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही. हे लिहून देण्याच्या कागदाला आम्ही स्पेसिफिकेशन म्हणतो. ते लिहिणं हे माझं काम.

याकूबभाईंनी शोधला होता लेबलाचा गोंद. बोटाने दाबलं की चिकटणारा, चिकटवायला पाणी न लागणारा, लेबलामागे असतो तसा. तो लावायची एक रीत म्हणजे हॉट मेल्ट: थंड असताना घट्ट, तापवला की पातळ, मग कागदावर पसरायचा. सोय मोठी, पण उन्हात ठेवलेल्या पिंपावरचं असं लेबल दुपारपर्यंत खाली घसरतं. म्हणून काही ठिकाणी गोंदात उजेडाने जागं होणारं एक रसायन घालतात आणि पसरलेला कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून नेतात. दोन सेकंदांत गोंद आतून बांधला जातो. मग ऊन असो की वाफ, लेबल हलत नाही. अडचण एकच. दिव्याखाली जायच्या आधी भांड्यातच तो बांधला गेला, तर सगळा माल फुकट. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनाही ह्याचा ताप होता. याकूबभाईंच्या भांड्यात मात्र तो चार-चार तास पातळ राहायचा. पुण्याच्या टेप कारखान्यात वीस वर्षं ऑपरेटर असलेल्या माणसाने सारोळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे साधलं होतं. नदीपलीकडचा पिंपांचा एक कारखाना त्यांची लेबलं घेत होता. सहा बायका कामाला होत्या.

नव्वदीच्या दशकाअखेरची गोष्ट. तेव्हाच्या कायद्यात रासायनिक पदार्थावर पेटंट मिळायचं नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. म्हणजे गोंद काय आहे ह्याला किंमत नव्हती, कसा करता ह्यालाच होती. याकूबभाईंनी वही आणली, मी पुण्यात टेबलावर बसून त्यावरून स्पेसिफिकेशन लिहिलं. "तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत ह्यात आली पाहिजे, कायद्याने बंधन आहे," असं मी त्यांना सांगितलं होतं. ते "व्हय ताई" म्हणाले. मी पुढच्या कॉलमकडे वळले.

अर्ज मान्य होऊन राजपत्रात छापून आला आणि एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली. त्यांनाही तोच गोंद बाजारात आणायचा होता. हरकतीसोबत त्यांच्या केमिस्टचं ॲफिडेव्हिट होतं: अर्जातल्याप्रमाणे तीनदा केलं, तीनदा भांड्यात गोळा झाला. मला हसू आलं होतं. मोठ्या कंपनीच्या लोकांना पळी धरता येत नसेल, असं वाटलं होतं. म्हणून तर साळुंखेंना घेऊन सारोळ्याला आले होते, उलट ॲफिडेव्हिट करायला.

"याकूबभाई," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"तसं न्हाई व्हनार, ताई. तुमी कागदावरचं केलंय."

"मग कुठलं करायचं?"

त्यांनी आधी शेडचं दार लोटून घेतलं. मग साळुंखेंकडे बघून म्हणाले, "ह्ये सायेब आपल्यातलंच का?" मी हो म्हटलं. त्यांनी कपाटामागून एक छोटा पंप काढला. माशांच्या काचपेटीत हवा सोडायला असतो तसा. त्याला स्टीलची बारीक नळी जोडली, नवीन माल तापत ठेवला आणि नळी भांड्याच्या तळाशी सोडली. बुडबुडे येऊ लागले. अर्धा तास झाला, तास झाला. पळी लोण्यातून फिरावी तशी फिरत होती.

साळुंखे तोंडात मारल्यासारखे उभे. "हवा? अहो, हॉट मेल्टला हवा लागू नये म्हणून लोक नायट्रोजनची सिलिंडरं लावतात. हवेने माल काळा पडतो."

"जरासा पिवळा पडतो. पन बांधत न्हाई. नायट्रोजन लावला की बांधतोय. एकदा आमचं सिलिंडर संपलं, गाडी आली न्हाई, तवा कळलं मला. झाकलेलं भांडं बांधलं आन उघडं जरा जास्त टिकलं. मंग म्या खालूनच हवा द्याया लागलो."

सगळं जग ज्याच्या उलट करत होतं, तेच ह्या माणसाने केलं होतं. पेटंट देण्याजोगं जे काही होतं, ते एवढंच होतं. बाकीचा अर्ज म्हणजे माहीत असलेल्या रसायनांची यादी. आणि ही हवा अर्जात कुठेही नव्हती.

"हे लिहिलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

"त्ये कसं लिवायचं, ताई? त्येच तर हाये समदं. त्ये लिवलं तर आपल्याकडं ऱ्हायलं काय?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण तो हक्क मला नव्हता. कारण मी भोरची. त्यांच्या वडलांचं बाजारपेठेतलं दुकान मी लहानपणापासून बघितलेलं. सुरमा, दंतमंजन, उटणं, पोटदुखीचं चूर्ण. कोणी चूर्णाची कृती मागितली तर म्हातारे अत्तार आनंदाने कागदावर लिहून द्यायचे, आणि एक जिन्नस गाळायचे. भोरातल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. माझी आई तर हसून म्हणायची, कृती आणली, आता चूर्णही घेऊन ये. त्या घरातल्या मुलाकडून मी वही घेतली आणि एकदाही विचारलं नाही की यात काय गाळलंय. चीड आली ती स्वतःचीच.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमच्या फर्मचे मुख्य, चाळीस वर्षं ह्याच कामात.

"दुरुस्ती करून हवा आत घालता येईल?" मी विचारलं.

"उत्तर तुला माहीत आहे. अर्ज दिल्यावर नवीन मजकूर घालता येत नाही. चूक सुधारता येते, विसरलेलं आठवता येत नाही."

"मग हवेचा वेगळा अर्ज करू."

"किती वर्षं तो ह्या रीतीने माल करून विकतोय?"

"चार."

"गुपचूप चार वर्षं धंद्यात वापरलेली रीत. तेही कायद्यात कारण आहे पेटंट उडवायचं. ते उडवतील." सरांनी चष्मा काढला. "खोटं ॲफिडेव्हिट आपण करणार नाही. त्याला अर्ज मागे घ्यायला सांग. पेटंट जाईल, हवा तरी त्याच्या शेडमध्ये राहील. कंपनीला ती सापडेपर्यंत तो चार पैसे मिळवेल."

सल्ला चांगला होता. मी पुन्हा सारोळ्याला गेले, सगळं समजावलं. याकूबभाईंनी ऐकून घेतलं.

"मागं घेतला तर त्ये काय म्हनतील?"

"म्हणू देत काही."

"म्हनतील, गडी खोटा हुता, पळाला. न्हाई ताई. मागं न्हाई घ्यायचा. काय व्हईल त्ये हू द्या."

मी दोन तास डोकेफोड केली. ते हलले नाहीत. शेवटी ठरलं की सुनावणीला जायचं, कंपनीने आपला प्रयोग आपल्या बळावर सिद्ध करावा एवढाच मुद्दा मांडायचा आणि याकूबभाईंनी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी मला शब्द दिला.

सुनावणी मुंबईला होती. समोर कंट्रोलर, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही हे ठरवणारे अधिकारी. सभ्य गृहस्थ होते. पलीकडे कंपनीचा तरुण वकील आणि त्यांचा केमिस्ट. वकिलाने तीन प्रयोगांचे फोटो मांडले. मी माझा मुद्दा मांडला. तो लंगडा होता हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. तरी तिथवर ठीक चाललं होतं.

मग वकील शांतपणे, मराठीत म्हणाला, "साहेब, स्पष्टच बोलतो. ह्या गृहस्थांनी हा गोंद कधी केलेलाच नाही. हे आकडे घरी बसून लिहिलेत."

याकूबभाई उभे राहिले. मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"सायेब, म्या खोटा न्हाई."

"खाली बसा," मी म्हटलं.

"तुमच्या एजंटना बोलू द्या," कंट्रोलरही म्हणाले. त्यांनाही कळलं असावं, काय होऊ घातलंय ते.

पण याकूबभाई सुटले होते. नळी केवढी जाड, तळापासून किती बोटं वर, पंप कधी सुरू करायचा, हवा जास्त झाली तर रंग कसा दिसतो, दिव्याखाली न्यायच्या आधी किती वेळ बंद ठेवायची. वीस वर्षांच्या नोकरीत आणि चार वर्षांच्या शेडमध्ये जे कमावलं होतं, ते सगळं पाच मिनिटांत त्या टेबलावर ओतलं. कंट्रोलरांनी पेन खाली ठेवलं. कंपनीच्या केमिस्टने आपल्या पेनाचं टोपण काढलं. तो भराभर लिहून घेत होता. मी ते बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं.

"हे स्पेसिफिकेशनमध्ये कुठे आहे?" कंट्रोलरांनी मला विचारलं.

"नाही, सर," मी म्हटलं.

बाहेर पॅसेजमध्ये तो केमिस्ट मुद्दाम आला. त्याने याकूबभाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, कमाल केलीत. आम्हाला सहा महिने सुचलं नव्हतं." तो मनापासून बोलत होता. याकूबभाई लाजले, हसले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं.

एस्टीने परत निघालो. पनवेलपर्यंत ते बोलत होते. वकिलाचं तोंड कसं झालं, साहेब कसे गप्प झाले. घाटात गाडी चहाला थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "आता देतील ना, ताई? समद्यांम्होरं सांगितलं म्या. आता काय ऱ्हायलं न्हाई."

तेव्हा मला सांगावं लागलं. पेटंट मिळणार नाही, कारण हवा कागदावर नाही. आणि हवाही आता तुमची राहिली नाही, कारण तुम्ही ती सांगितलीत. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. पुण्यापर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

अर्ज फेटाळला गेला. कंपनीचा गोंद वर्षाच्या आत बाजारात आला. भांड्यात न बांधणारा. पिंपांच्या कारखान्याने लेबलं दुसरीकडून घेतली. त्यात बेकायदा काही नव्हतं, मी दहा वेळा तपासलं. सारोळ्याची शेड बंद झाली, सहा बायका घरी बसल्या. याकूबभाई भोरला भावाच्या दुकानात बसू लागले.

मी पुढे एक नियम केला. ज्याने वही आणली त्याला खोलीबाहेर बसवायचं, आणि माझं स्पेसिफिकेशन तिसऱ्याच माणसाच्या हातात देऊन त्याच्याकडून माल करून घ्यायचा. माल झाला तरच अर्ज. काही क्लायंट रागावून गेले, त्यांना जाऊ दिलं. खरं सांगायची मुदत अर्जावर सही होते त्या दिवशी संपते. नंतर सांगितलेलं खरं फक्त समोरच्याच्या कामाचं असतं.

दोनेक वर्षांनी भोरला गेले तेव्हा दुकानात डोकावले. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, माझ्या आईची चौकशी केली. त्या प्रकरणाबद्दल एक शब्द नाही. मी निघायला उठले तेव्हा म्हणाले, "ताई, एक इचारू का? गेलं त्ये गेलं. पन म्या खोटा न्हवतो, येवढं तरी त्या सायबांच्या कागदावर आलंय का?"

अर्ज फेटाळल्याची ती ऑर्डर मी इतक्यांदा वाचली होती की पाठ झाली होती. नऊ पानं, इंग्रजीत. अर्जदाराने तोंडी सांगितलेलं विचारात घेता येत नाही, असं त्यात एक वाक्य होतं. बाकी त्यांच्याबद्दल काही नव्हतं.

"आलंय," मी म्हटलं. "सहाव्या पानावर."