बिडाला पाजलेलं तेल

माझ्या नवऱ्याला रिकामं बसता येत नाही, आणि दुसऱ्यालाही तो बसू देत नाही. तारापूरच्या एका कारखान्यात त्याने उभी हयात मशिनांच्या देखभालीत काढली. निवृत्त झाल्यावर बेटेगावच्या आमच्या घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करून तो मोकळा झाला आणि मग त्याची नजर माझ्या मिक्सरकडे वळली. तेव्हा मी त्याला सांगितलं, की माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, काहीतरी मोठं काम हाती घे. त्याने हाती घेतली ती माझ्या वडिलांची अँबेसेडर.

पालघरहून समुद्राकडे निघालं की लागणाऱ्या एका गावात माझं माहेर. पानवेलीची वाडी, थोड्या केळी, विहिरीभोवती नारळ. वडील त्या गाडीतून पानाच्या करंड्या पालघर स्टेशनला पोचवत आणि येताना आईसाठी काहीबाही घेऊन येत. गाडीला कायम ओल्या पानांचा वास असे. वडील गेल्यावर ती वाडीतल्या छपराखाली उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी तिच्या मागच्या सीटवर संसार थाटला.

मग आई विहिरीच्या कट्ट्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मी तिला बेटेगावला घेऊन आले. मी एकुलती एक, दुसरं कोण होतं? त्याच महिन्यात नवऱ्याने गाडीही टेम्पोत घालून आणली आणि अंगणात उभी केली. सासू आत, सासऱ्यांची गाडी बाहेर, असं आमचं घर भरलं.

आई आली, पण मनाने आली नव्हती. तिच्या लेखी लेकीचं घर म्हणजे सणावाराला जायचं, दोन घास खायचे आणि तिची ओटी भरून परत यायचं. मुक्काम करायचा नाही. जावयासमोर ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायची आणि त्याच्याशी कधीच थेट बोलायची नाही. तो समोर बसलेला असला तरी मला विचारायची, "पावणं चा घेतील काय?" आणि पाहुणे मान हलवायचे. त्याची तऱ्हा तीच. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साताऱ्याकडच्या आपल्या रीतीप्रमाणे सासूला 'मामी' म्हणणंसुद्धा त्याला जमलेलं नव्हतं. "त्यांना औषध दिलंस का?" एवढंच. या दोघांच्या मध्ये मी टेलिफोन एक्स्चेंजसारखी राबत होते.

पाय जरा टेकता येऊ लागल्यावर आईने तिचं ठरलेलं सांगून टाकलं. "गाडी चालू झाली का तिच्यातूनच मी घरी जाईन. तवर ऱ्हाते."

हे ऐकल्यापासून मी त्या गाडीची वैरीण झाले. गावात शेजारी तिच्या चुलत दिराचं घर असलं तरी तिच्या घरात ती एकटी, त्यात तो विहिरीचा कट्टा, शेवाळलेला. पुन्हा पडली तर कोण बघणार होतं? मला तिला पाठवायचं नव्हतं. तसं तोंडावर म्हटलं की ती पदराशी चाळा करत दुसरीकडे बघायची. रोज संध्याकाळी तिच्या त्या जाऊबाईंचा फोन यायचा, कधी येतेस म्हणून, आणि आई उत्तर द्यायची की गाडीचं काम चाललंय. आणि इकडे माझा नवरा ते काम संपवायच्या मागे हात धुऊन लागलेला. ब्रेक झाले, वायरी झाल्या, कोंबड्यांनी उसवलेली सीट बोईसरच्या एका कारागिराने नवी शिवून दिली. मी त्याला रात्री समजावलं, जरा सावकाश कर. तो म्हणाला, सावकाशच करतोय. त्याला सावकाश म्हणजे काय ते कळत नाही.

शेवटी राहिला तो मॅनिफोल्ड. इंजिनातला जळका धूर एकत्र करून मागच्या नळीत सोडणारा, हाताच्या पंजासारखा फाटे फुटलेला बिडाचा जड तुकडा. वर्षानुवर्षं तापून आणि खाऱ्या हवेत निवून तो पार गंजला होता. नवऱ्याने तो खोलून काढला आणि जाहीर केलं की याला उष्णता सोसणारा रंग मारल्याशिवाय गाडी हलणार नाही. बॉनेटखाली कोण बघायला जातंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, मला माहीत असतं ना.

त्या रंगाचे लाड फार. आधी तारेच्या ब्रशने घासून लोखंड पांढरं करायचं, थिनरने पुसायचं, बोटसुद्धा लावायचं नाही, मग पातळ हात मारायचे. आणि तो नुसता वाळून भागत नाही, तापवून पक्का करावा लागतो. इंजिन थोडं चालवायचं, निवू द्यायचं, परत जरा जास्त चालवायचं. हे सगळं त्याने मोबाइलवर बघून घेतलं आणि दोन दिवस घासघास घासलं. रंग सकाळच्या उन्हात द्यायचा म्हणून मॅनिफोल्ड रात्रभर दारापुढच्या ओट्यावर ठेवला. सकाळी रंग दिला, वाळल्यावर बसवला, इंजिन सुरू केलं. थोड्या वेळात रंगाला फोड आले आणि दुधावरची साय निघावी तसे पापुद्रे सुटले.

त्याने दुकानदाराला दोष दिला, मग हवेला, मग स्वतःच्या हाताला. जेवला नाही. मला आतून बरं वाटलं होतं, पण त्याचं तोंड बघून तेही टिकलं नाही. त्याने दुसऱ्या कंपनीचा रंग आणला आणि सगळं पहिल्यापासून केलं. या खेपेला इंजिन तापलं तेव्हा धुराबरोबर एक ओळखीचा वास गल्लीभर पसरला. समोरची बिहारची शेजारीण गच्चीतून वाकून विचारू लागली, "भाभी, आज क्या तला है?"

वास खोबरेलाचा होता. आमच्या वाडीतल्या नारळाचं, घाण्यावरून काढून आणलेलं.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. मॅनिफोल्डकडे बघितलं, मग ओट्याच्या कोपऱ्यात आईच्या खुर्चीशेजारी ठेवलेल्या तेलाच्या बाटलीकडे आणि तिच्या बुचावर गुंडाळलेल्या फडक्याकडे. त्याला सगळं कळलं. आत येऊन हात धुतले आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसला.

आईची यात काय चूक होती? समुद्राकाठच्या घरात लोखंड उघडं ठेवून कुणी झोपत नाही. संध्याकाळी घासून ठेवलेला कोयता सकाळी तांबडा होतो. विळी, कुदळ, विहिरीच्या रहाटाची कडी, सगळ्यावर निजायच्या आधी तेलाचा हात फिरतो, आणि बिडाच्या तव्याला तर तेल पाजावंच लागतं. जावयाने एवढं राबून घासलेलं बीड ओट्यावर उघडं पडलेलं तिला बघवलं नाही. वॉकर धरून उठून, आम्ही झोपल्यावर, तिने ते दोन्ही खेपांना प्रेमाने चोळलं. बीड तेल पिऊन बसलं. वरून सकाळी ते कोरडंच दिसे, आणि माझ्या नवऱ्याचा थिनर तर आदल्या दिवशीच फिरवून झालेला.

तो तिला सांगणार नाही हे मला माहीत होतं. सासूला चूक दाखवायची म्हणजे आधी तिच्याशी बोलायला हवं. मग मीच सांगितलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे जरा चढ्या आवाजातच सांगितलं. आईने तोंडावर हात ठेवला. संध्याकाळी मला हळूच म्हणाली, की पावण्यांना सांग, आता हात नाय लावणार.

तिसऱ्या खेपेला नवऱ्याने कसूर ठेवली नाही. बिडात मुरलेलं तेल काढायला मॅनिफोल्ड भट्टीवाल्याकडून तापवून आणला, वाळूच्या माऱ्याने साफ करून घेतला. तो इतका स्वच्छ, करडा दिसत होता की मलाही हात फिरवावासा वाटला. गाडीत बाकी काही उरलं नव्हतं. रंग झाला की दोन दिवसांत आईला पोचवायचं, असं ठरलं. मी तिच्या साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या आणि प्रत्येक घडी चुकत गेली. श्रावण होता. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला तेव्हा आई नेहमीसारखी ऐसपैस बोलली नाही. येते म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री तिने भाकरीही अर्धीच खाल्ली. मला वाटलं, तिला घराचे वेध लागलेत.

सकाळी मी ओट्यावर झाडू घेऊन गेले तर मॅनिफोल्ड काळाभोर चमकत होता. वरून खालपर्यंत, प्रत्येक फाट्याच्या आतपर्यंत, तेलाने निथळत होता. खाली तेलाचं थारोळं. हे मुरवलेलं नव्हतं, ओतलेलं होतं. बाटली रिकामी, आणि आई खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसलेली. हाताला तेल तसंच.

माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते लिहीत नाही. तेवढ्यात नवरा रंगाचा डबा घेऊन बाहेर आला. त्याने डबा खाली ठेवला, मॅनिफोल्डवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग आईकडे बघितलं. आईने पदर ओढला नाही. तिने सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, आमच्या लग्नापासून पहिल्यांदा.

"रातीचं खारं वारं सुटलेलं," ती त्याला म्हणाली. "उघडं बघवलं नाय मला."

बेटेगावात कुठलं खारं वारं? आमच्याकडे वारा सुटला की कारखान्यांचा वास येतो, समुद्राचा नाही. हे तिला पक्कं माहीत होतं. मला माहीत होतं. आणि सगळी हयात इथे काढलेल्या माणसाला तर माहीत होतंच. झाडू हातात धरून मी उभी होते आणि मला तेव्हा कळलं की इतके महिने मी भलत्याच गोष्टीला घाबरत होते. तिला जायचं नव्हतं. राहते असं लेकीच्या घरात तिला म्हणता येत नव्हतं, इतकंच.

नवऱ्याने बोट फडक्याला पुसलं.

"बरोबर आहे मामी," तो म्हणाला. "या हवेत रंग धरतही नाही. थंडी पडली की बघू."

"बगा तुमी," आई म्हणाली. "मला काय घाई नाय."

मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवून रडले. मग साड्या परत कपाटात लावल्या, आणि या वेळी घड्या नीट बसल्या.

त्यानंतर थंडी पडून गेली, उन्हाळा गेला, आता दुसरा श्रावण चालू आहे. जाऊबाई फोन करतात आणि आई त्यांना ठसक्यात सांगते, की गाडीचं काम किचकट हाय, जावई एकटे कुठं कुठं पुरणार. जावई शेजारीच बसलेले असतात. दोघं आता गाडीवरून भांडतातसुद्धा, थेट, मला मध्ये न घेता. मॅनिफोल्ड ओट्यावर गोणपाटावर असतो. दर शनिवारी नवरा तेलाची बाटली आईच्या हातात आणून देतो आणि ती त्या बिडाला सावकाश, कडेकडेने तेल लावते. त्याच्यावर गंजाचा ठिपका नाही.