अनोळख्यांचा कॅमेरेवाला

भास्कर वानखडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. महिना उलटला. त्याच्याबद्दल लिहायला बसलो, तर रडू येण्याऐवजी हसूच येतं... तो माणूसच तसा.

संग्रामपुरात त्याचा फोटो स्टुडिओ. मोबाइल आले, गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोपुरतं उरलं आणि भास्करनं जुने रोलचे कॅमेरे दुरुस्त करायला घेतले. गिऱ्हाइकं इंटरनेटवरची, बहुतेक परदेशातली. बँकेतून पैसे मागवायचे तर कामापेक्षा खर्च जास्त, म्हणून ती क्रिप्टोत पैसे देत. रक्कम आधी, ज्या वेबसाइटवरून काम मिळायचं तिच्याकडे अडकून राहायची. कॅमेरा नीट होऊन पोचला असं गिऱ्हाइकानं कळवलं, की सुटायची. शिवाय कामाप्रमाणे तारे मिळायचे, एक ते पाच. इंग्रजी निरोप लिहायचं काम माझं. मी म्हणायचो, "अबे, तोंड पाह्यलं नाई, गाव माहीत नाई, भरोसा कसा ठेवतं तू?" तो हसायचा. "मास्तर, थे बी मले कुठं वयखतात? तरी कॅमेरा पोस्टात टाकतात ना!"

एकदा अर्जेंटिनातल्या एका बाईंनी वारलेल्या वडिलांचा कॅमेरा पाठवला. आत रोल नसल्याचं कॅमेऱ्यावरच्या आकड्यावरून वाटत होतं, म्हणून भास्करनं मागचं झाकण उघडलं... आत फोटो काढलेला रोल! झटकन मिटलं, पण उजेड शिरलाच. त्या दिवशी तो जेवला नाही. रोल धुतला तेव्हा बरेच फोटो जळालेले, सातच वाचले. मी सुचवलं, "रोल आधीच खराब होता असं लिहू. कोनाले समजते?"

"मले समजते ना," भास्कर म्हणाला. "लिवा, झाकण मी उघडलं. पैसे वापस घ्या म्हना."

मी मान खाली घालून तसंच लिहिलं, वाचलेले सात फोटो सोबत जोडले. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी आलं. वाचलेल्या सातांपैकी एका फोटोत तिचे वडील आरशासमोर कॅमेरा धरून उभे होते. जन्मभर सगळ्यांचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा असा एवढाच फोटो होता. तिनं पैसे सोडले, पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, 'हा माणूस आपली चूक आपण होऊन सांगतो.' भास्करनं अख्ख्या बाजाराला जिलबी वाटली. कशाची, हे कुणाला नीट कळलं नाही. खाल्ली मात्र सगळ्यांनी! त्या एका ओळीवर पुढं कुठून कुठून कॅमेरे आले.

भास्करचा जलदान विधी झाल्यावर मी त्याच्या बायकोला, शोभावहिनींना म्हणालो, "भास्करचंच खातं चालवा. एवढे तारे आहेत." वहिनी कित्येक वर्षं त्याच्या शेजारी बसून कॅमेऱ्यांची शटरं खोलून दुरुस्त करत आलेल्या.

"नाई मास्तर. थे तारे त्यायचे. माह्या नावानं नवं खातं काढा. अन लिवा, नवरा वारला, काम त्यायच्यापाशी शिकलो, एकटीनं पयल्यांदाच करतो."

लिहिलं. आठ दिवसांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला, 'कॅमेरा पाठवतोय. कुणीतरी पहिलं व्हायलाच हवं ना?'

परवा ते पार्सल आलं. वहिनींनी टेबलावरचा दिवा लावला, कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसल्या.

"बसा मास्तर, आधी च्या पिऊ. माह्या नावाचं पयलंच पार्सल... जरा थांबून उघडतो."