भागीआजीची पडताळणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तशी तिला सगळी खबर असते — ऑफिसातली भांडणं, कोणत्या साहेबाने कुणाच्या बागेतली आंब्याची पेटी उचलली, सगळं. हे तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे — ठेवलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी तलाठी होतो. आता त्या पदाला लांबलचक नवं नाव आलंय, पण लोक तलाठीच म्हणतात. राहायला रत्नागिरीत, आणि काम संगमेश्वराच्या बाजूला, हमरस्त्यापासून बरंच आत. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. अक्षर मोत्यासारखं, याद्या मुदतीच्या आत. साहेब मीटिंगमध्ये इतरांना माझा दाखला द्यायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

निराधार योजनेची पडताळणी दरवर्षी असते. एकट्या म्हाताऱ्या, विधवा, अपंग — ज्यांना सरकारकडून दरमहा पैसे मिळतात, ती माणसं जिवंत आहेत ना, हे घरी जाऊन बघायचं. गावात त्या पैशांना पगार म्हणतात. काम काही अवघड नाही. माणसाकडे बघायचं आणि यादीत 'हयात' लिहायचं. बघायचं — एवढंच.

भागीआजीचं घर वाडीपासून सुटं, वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर. खालून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढून जावं लागायचं. एप्रिलमधली दुपार होती. सडा तापला की तिथे पाखरूसुद्धा बोलत नाही, आपल्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटतं. मी अर्ध्यावर थांबलो. वर दार बंद दिसत होतं. गुरांमागे चाललेल्या एका बाईला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, "दिसली न्हाय बऱ्याच दिसांत." मला तेवढं पुरलं.

'गैरहजर' लिहिलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं, पुन्हा चढावं लागलं असतं. 'मयत' लिहिलं की ओळ मिटते. आता 'मयत'ला पंचनामा लागतो, त्यावर पंचांच्या सह्या — तर त्याची माझी एक पद्धत होती. पंच आज गावात, उद्या मुंबईला. म्हणून कोऱ्या कागदावर आधीच सह्या घेऊन ठेवायच्या. तसा एक कागद पिशवीत होता. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी पंचनामा लिहिला. गाडी हलत होती तरी अक्षर बिघडू दिलं नाही.

आमच्या मुलखात बंद दार म्हणजे मरण असेल, तर अर्धा जिल्हा केव्हाच मेला म्हणायचा. हे मला कळत नव्हतं का?

आजी चिपळूणला भाचीकडे गेली होती, डोळ्याच्या ऑपरेशनला. महिन्याने परत आली तेव्हा पगार बंद, रेशनच्या यादीतूनही नाव उडालेलं. पहिल्यांदा माझ्याकडे आली ती हसतच. "भाऊ, बँकेत सांगतात मी मेलंय म्हनून. जरा बघ रे." ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो. दुरुस्ती एका अहवालाची होती. पण त्या अहवालात मला लिहावं लागलं असतं, की मी वर गेलोच नव्हतो, आणि पंच त्या दिवशी मुंबईत होते. मंडळ अधिकारी पदाच्या बढतीची यादी निघायची होती. मी म्हटलं, "वर पाठवलंय आजी, होईल." मी काहीही पाठवलेलं नव्हतं.

मग ती दर सोमवारी यायला लागली. आधी बोलायची, विनवायची. पुढे पुढे बोलणं आटलं. नुसती खिडकीच्या गजांपलीकडे उभी राहायची, भर दुपारी, अनवाणी. मी मान वर करत नसे. कागदावर सावली पडली की समजायचं. वाडीतली माणसं तिला तांदूळ द्यायची, कधी सुकी मासळी. थट्टाही करायची — "मेलेली म्हातारी आली गो!" थट्टाच होती ती. तेव्हा.

शिमग्याआधी देवळात गावाची बैठक होती. मला सरकारी माणूस म्हणून मान होता; खांबाशी पुढे बसवलं होतं. बैठक संपत आली तेव्हा भागीआजी नारळ घेऊन आली आणि म्हणाली, "माजा कौल लावा."

बाहेरच्यांना सांगतो — आमच्याकडे अडलेल्या गोष्टीचा निकाल देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तहसीलदाराचा हुकूम एकदा फिरेल, कौल फिरत नाही.

गुरव घुटमळला. पण नारळ आलेला, नाही कसं म्हणणार? त्याने गाऱ्हाणं घातलं — हे म्हाराजा, तुझी ही लेक कागदावर मेलेली दाखवलीय, ती जिती असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळ्यांच्यात मीही म्हटलं. खरं माहीत असलेला एकटा माणूस त्या देवळात होता, आणि तो कोरसात सूर मिसळत होता.

बराच वेळ काही पडेना. समईची वात तडतडली तेवढीच. मग डावी पाकळी पडली.

मला काय वाटलं ते सांगतो — सुटल्यासारखं वाटलं. देवानेच माझ्या पंचनाम्यावर सही केली होती. आजी इकडे तिकडे बघत होती, आणि तिची नजर जिकडे जाईल तिकडची माणसं खाली बघत होती.

त्यानंतर ती मेली आहे असं कुणीही म्हटलं नाही. फक्त तिच्याशी बोलणं थांबलं. समोरून आली तर बायका पोरांना पदराआड घ्यायच्या. तिला उपाशी मात्र कुणी ठेवलं नाही, हेच तर भयंकर. पितृपक्षात पान ठेवतात तसा केळीच्या पानावर भात तिच्या बेड्याशी, कुंपणाच्या दारात, ठेवला जायचा. ठेवणारा मागे न बघता निघून जायचा. पान दुपारपर्यंत रिकामं होई. मीही एकदा डब्यातल्या दोन पोळ्या आमच्या ऑफिसच्या कोतवालाच्या हाती वर पाठवल्या. कशासाठी? दया होती ती, की मेलेल्याची शांत? मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती मात्र यायची. कौलानंतरही दर सोमवारी खिडकीत उभी. एकदा मी न राहवून कोतवालाला विचारलं, "बाहेर कोण आहे रे?" त्याने खिडकीकडे पाहिलं. ती त्याच्यापासून चार हातांवर होती. तो म्हणाला, "कोन न्हाय, साहेब." त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. मी तो शोधला, खूप शोधला. त्या रात्रीपासून मला स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटायला लागली.

बढती आली. बदलीही आली. शेवटच्या आठवड्यात मी दुरुस्तीचा अहवाल लिहून काढला — होय, सगळा, माझ्या चुकीसकट. फक्त सही करायची ठेवली. म्हटलं, आधी वर जाऊन तिला डोळ्यांनी बघू, पडताळणी करू, मग सही. पाखाडी चढायला वीस मिनिटं लागली. फक्त वीस.

आजी अंगणात बसली होती. बेड्यात उष्टं पान होतं. माझ्याकडे बघून ती उठली, पदर सारखा केला. रागावली नाही, रडली नाही. अगदी जवळ आली — तिच्या तोंडाला भाताचा वास येत होता — आणि विचारलं, "भाऊ, तुला तरी दिसतंय मी?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण हो म्हटलं की सही आली. सही केली की बढती गेली, चौकशी आली, मीटिंगमध्ये माझं नाव वेगळ्याच कारणाने निघणार. हे सगळं माझ्या डोक्यात झालं ते एका श्वासात. मी तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं. वही काढली. रिकामं घर तपासणारा माणूस बघतो तसं कौलांकडे, पडवीकडे, विहिरीकडे बघत घराला एक फेरी मारली. ती माझ्यामागून चालत होती, तिची पावलं मला ऐकू येत होती. मी बेडं ओलांडलं आणि मागे न बघता खाली उतरलो. त्या गावच्या माणसांसारखाच.

त्यानंतरच्या सोमवारी ती आली नाही. माझ्या जागी आलेल्या माणसाकडेही कधी गेली नाही. पुढे वर्षभराने कोतवालाचा फोन आला, भागीआजी गेली म्हणून. नोंद कशी करायची ते विचारत होता. मी सांगितलं, नोंद आहे.

लोक कौलाला दोष देतील. मी देत नाही. कौल झाल्यावरही ती येतच होती — देवाने सांगितलं तरी तिने ऐकलं नव्हतं. माझं मात्र ऐकलं.