गळ्याजवळचं बटण

माझ्या काकांची नखं कापण्याआधी सिस्टर त्यांचं एकेक बोट कोमट पाण्यात भिजवत होत्या. काका आता चार दिवसांचे सोबती. त्यांच्या नखांचं काय एवढं! खाटेच्या पायाशी उभा राहून मी चिडचिडत होतो. उपचार संपलेल्यांच्या या वॉर्डात सिस्टरांनी स्वतःहून ड्यूटी मागून घेतली होती, हेच मला पटत नव्हतं. शेवटी विचारलंच, "इथून कुणी बरं होऊन जात नाही. मग इथंच का आलात?"

"आधी मोठ्या हॉस्पिटलात होते," त्या म्हणाल्या. "तिथं एका आजोबांचे उपचार थांबवले होते. तरी राउंडची वेळ झाली की ते शर्टाची सगळी बटणं लावून बसायचे. डॉक्टर त्यांच्यासमोरून सरळ पुढे जायचे. फाइली घेऊन मीही मागोमाग जायचे."

मला त्या डॉक्टरांची भयंकर चीड आली. थांबायला काय जात होतं? माणूस बरा होणार नाही, म्हणून तो दिसेनासाच व्हावा?

सिस्टर पाण्याचं भांडं घेऊन गेल्या. आठवडाभर मी रोज येऊन फाइल वाचत होतो, सह्या करत होतो आणि खाटेच्या पायापासूनच परत फिरत होतो. आत्ताही वळलोच होतो. तेवढ्यात काकांचा हात हलला. नुकती नखं कापलेली बोटं गळ्याजवळचं बटण चाचपत होती.